जो आवाज कुणीच वाजवला नाही

मिरज,
श्रावण

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचला. याचं उत्तर अंगठ्याने टाइप करून देण्यासारखं नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. अक्षर लागलं नाही तर विचार.

बोरिस आणि मर्झबाव यांचा 'गेन्शो' हा दोन डिस्कचा अल्बम तू आधी एक डिस्क, मग दुसरी, मग दोन्ही एकदम असा ऐकलास. वहीत दोन रकाने आखलेस. डावीकडे बोरिसची गिटार, उजवीकडे मर्झबावची यंत्रं. कुठल्या मिनिटाला कोण वर आलं, कोण बुडालं, सगळं टिपत गेलास. अर्ध्या तासाने वही अडली, कारण कानावर जे येत होतं ते काही केल्या कुठल्याच रकान्यात बसेना. आणि आता मला विचारतोस, "मावशी, माझ्या कानातच काही कमी आहे का?"

अरे, वही अडली तिथे तर तू ऐकायला लागलास! तोपर्यंत नुसती हजेरी घेत होतास.

तो अल्बम 2016 चा. बोरिस हे टोकियोचं त्रिकूट. मर्झबाव म्हणजे मासामी अकिता, एकटा माणूस, 1979 पासून नॉइज करतोय, म्हणजे यंत्रांच्या खरखराटाचंच संगीत. दोघांनी आपापली डिस्क वेगळी केली, बोरिसने तर आपल्या डिस्कमधून ड्रम काढून टाकले, आणि ऐकणाऱ्याला सांगितलं की दोन्ही एकाच वेळी लावा, आवाज हवा तसा कमीजास्त करा. याचा अर्थ नीट लक्षात घे. तो अल्बम कुठल्याही एका डिस्कवर नाही. तुझ्या खोलीत, दोन स्पीकरच्या मधल्या हवेत जे तयार होतं, तो अल्बम. दुसरं बटण अर्धा सेकंद उशिरा दाबलंस तर तो बदलला. खिडकी उघडी ठेवलीस तर बदलला. त्यांनी एवढं करून जे एकत्र आणलं, ते तू वही घेऊन परत उसवायला बसलास. माझी चिडचिड होते ती इथे.

मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी. जो आवाज कुणीच वाजवलेला नाही, तो ऐक.

तुला हे नवीन नाही. माझ्याच घरी, त्या पुढच्या खोलीत, तू तंबोरा लावायला शिकलास. आठव, जोडीच्या तारा जुळल्या, पंचम जुळला, खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची तार, तीही बसली, तरी मी म्हणत होते, "लागला नाही अजून." तू वैतागला होतास. ट्यूनरचा काटा बरोबर मधे होता, मग आणखी काय हवं, असं तुझं म्हणणं. मग मी तुला खर्जाच्या तारेखालचा दोरा सरकवायला दिला. घोडीवर तार टेकते तिथला तो सुताचा धागा. केसाएवढा पुढे घेतलास आणि तार मंद झाली, नुसता ठोका. केसाएवढा मागे आणलास आणि जवारी उघडली, तार झणझणून गुंजायला लागली. तुझा चेहरा मी बघत होते. तू तारेकडे बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस. तुला गंधार ऐकू आला होता. चार तारा, पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. गंधाराची तार त्या वाद्यावर नाही. कुणीही गंधार छेडला नव्हता. आणि खोलीत गंधार होता.

यात चमत्कार नाही. खर्जाची तार सेकंदाला 100 वेळा हलत असेल तर त्याच तारेत 200, 300, 400, 500 असेही कंप असतात. 200 हा वरचा षड्ज, 300 पंचम, 400 पुन्हा षड्ज आणि 500 हा गंधार. आपले लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो हार्मोनियमच्या गंधारापेक्षा थोडा उतरलेला असतो, म्हणून पेटीची सवय झालेल्या कानाला आधी चुकीचा वाटतो आणि मग हळूहळू पेटीचाच गंधार चढा वाटायला लागतो. 1921 साली सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर लिहिलं. तार ज्या बिंदूवर छेडाल, तिथे स्थिर राहणारा कंप उठायला नको, असा जुना नियम होता. तंबोऱ्याच्या त्या वक्र घोडीवर, दोऱ्यामुळे, तो कंपही जोरात उठतो असं त्यांना आढळलं. म्हणजे जो आवाज यायलाच नको तो येतो, आणि तो यावा म्हणून आपल्या सतारमेकर गल्लीत माणसं पिढ्यान्‌पिढ्या घोडी घासत बसली आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुनाचं लाकूड, महिनोन्‌महिने काम, 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि हे सगळं शेवटी कशासाठी? जो स्वर कुणी वाजवत नाही तो ऐकू यावा म्हणून.

आता तुला कळलं असेल की 'गेन्शो'ची वही मला का खटकली.

तू म्हणशील, मावशी, तंबोरा गोड असतो आणि मर्झबाव कानात खिळे ठोकतो, दोन्ही एका मापाने कसं ऐकायचं? बरोबर आहे, सोपं नाही. नॉइजमधे सगळ्या कंपसंख्या एकदम भरलेल्या असतात, त्यामुळे कानाला धरायला काठ सापडत नाही. पण तिथे बोरिसची गिटार येते. ती एकाच सुरावर मिनिटच्या मिनिटं थांबते, आणि त्या सुराला चिकटून नॉइजमधले काही भाग उठून दिसायला लागतात, काही बुडतात. मर्झबावने तो सूर वाजवलेला नाही. बोरिसने ते खरखरणं केलेलं नाही. तरी वीस-पंचवीस मिनिटांनी तुला मधे कुणीतरी कण्हतंय असं वाटलं, असं तू वहीत लिहिलंस आणि पुढे कंसात 'सोर्स?' असं लिहिलंस. सोर्स नाही रे. शोधू नकोस. तोच ऐकायचा होता.

मी हे ठामपणे सांगते कारण माझं आयुष्य त्यात गेलं आहे. तुला माहीत आहे, मी गायिका नाही. मी मागे बसले. मिरजेत, सांगलीत, कोल्हापुरात, पुण्यात, मोठमोठ्या गवयांच्या डाव्या खांद्यामागे तंबोरा घेऊन बसले. मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने बाकीच्या तीन, तासन्‌तास. लोक मला अजून सांगतात, "तुमचा गळा चांगला होता, तुम्ही गायला हवं होतं." घरातलेही म्हणाले. माझ्या आईने तर शेवटपर्यंत म्हटलं. मला ते वाक्य ऐकून ऐकून राग यायचा आणि आता या वयातही येतो, कारण त्या वाक्यात असं गृहीत आहे की पुढे बसलेला माणूस संगीत करतो आणि मागची दोघं ते सांभाळतात. मी काही सांभाळत नव्हते. आम्ही मागे जे भरत होतो, त्यातूनच त्याला पुढचा स्वर दिसत होता. गवयाचा आवाज आणि तंबोरा यांच्या मधे जे उभं राहतं, ते ना त्याच्या गळ्यात होतं ना माझ्या बोटात. टाळ्या त्याला मिळाल्या याचं मला वाईट वाटत नाही. त्या मधल्या गोष्टीकडे कुणी बघितलंच नाही, याचं वाटतं.

आणि साउंडवाले! किती मैफिलींत मी ऐकलं असेल, "तंबोरे कमी करा." रेकॉर्डिंग ऐकावं तर आम्ही दोघी कुठेतरी लांब, भिंतीपलीकडे. एकदा तर इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावून आयोजक म्हणाले, तुम्ही नुसत्या बसा, स्टेज रिकामं दिसायला नको. मी बसले. काही बोलले नाही. तेव्हा बोलण्याची पद्धत नव्हती.

माझ्याबरोबर दुसऱ्या तंबोऱ्यावर जी बसायची ती आता नाही. एका संध्याकाळी गवयांची गाडी मिरज जंक्शनला उशिरा यायची होती. खूप उशीर झाला. तंबोरे लावून ठेवले होते, आम्ही दोघी मागच्या खोलीत, सतरंजीवर. ती म्हणाली, स्वर उतरायला नको, धरून बसू. आम्ही धरले. दोन तंबोरे कधीच एका वेळी छेडायचे नसतात हे तुला सांगितलंय, तिचा पंचम माझ्या खर्जावर यायला हवा, माझी जोड तिच्या जोडीच्या मागून निसटायला हवी. आम्हाला एकमेकींची चाल माहीत होती, तरी ती रोज थोडी वेगळी पडायची. किती वेळ गेला कळलं नाही. चहा घेऊन येणारा पोरगा दारात आला, ट्रे हातात, आणि त्याने खोलीभर बघितलं. मग विचारलं, "गातंय कोण?"

कुणीच गात नव्हतं. आम्ही दोघी तोंड मिटून बसलो होतो. त्या पोराला गाणं शिकवलेलं नव्हतं, त्याच्याकडे वही नव्हती, म्हणून त्याला थेट ऐकू आलं.

दोन तंबोरे, गवयाशिवाय, आम्ही कधी रेकॉर्ड केले नाहीत. घरात टेपरेकॉर्डर होता, कॅसेट होती, सवड होती. कुणाच्या मनातच आलं नाही की हे असंच्या असं ठेवण्यासारखं आहे. ही एक रुखरुख माझ्याबरोबर जाईल. तू दोन डिस्क घेऊन माझ्याकडे आलास, तेव्हा मी लगेच हो का म्हटलं, ते यावरून समजून घे. जपानमधल्या कुणीतरी तेच केलं होतं, दोन आवाज वेगवेगळे सोडायचे आणि मधलं ऐकणाऱ्यावर सोपवायचं.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे असा मला संशय आहे. तू आणि तुझा मित्र मिळून जे करताय ते. त्याने मार्केट यार्डाजवळच्या हळदीच्या पॉलिशच्या ड्रमचा आवाज घेतला, आत हळकुंडं घासतात तो, आणि मोटरची घरघर. तू त्यावर तंबोरा धरलास. आणि आता तुझं म्हणणं, त्याने मला झाकून टाकलंय, माझा तंबोरा ऐकूच येत नाही, आणि वर नाव आधी कुणाचं यावरून तुमचं बोलणं बंद.

फाइल मी ऐकली. तुझा मित्र चुकलेला नाही. तू काळी चारमधे, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात, तंबोरा लावलास, कारण तुझी सवय ती. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 फेऱ्यांची, म्हणून मोटर आणि ट्रान्सफॉर्मरची घरघर 100 वर बसते. काळी चारचा खर्ज 104 च्या आसपास. दोन आवाज एवढे जवळ आले की त्यांच्यातला जो फरक, तेवढे हेलकावे दर सेकंदाला पडतात. चार. ती जी तुला थडथड वाटते आणि ड्रमची वाटते, ती ड्रमची नाही, तुझीही नाही. तुम्हा दोघांची आहे. तिला बाहेर काढू नकोस. हवं तर खर्ज हळूहळू उतरव, पांढरी पाचच्या, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, जरा वरपर्यंत, आणि ती थडथड कशी मंदावते, एका सेकंदाला दोन होते, मग एक, मग एक लांबच लांब हेलकावा होऊन थांबते, ते ऐक. मग तुझ्या खर्जातून गंधार सुटेल आणि मोटरच्या घरघरीतही तो आधीपासून होता असं कळेल. एवढं करून झाल्यावर मला सांग, झाकलं कुणी कुणाला?

नावाच्या भांडणाबद्दल तुला एक गोष्ट माहीत हवी. न्यूयॉर्कमधे 1960 च्या दशकात ला माँटे यंग, मेरियन झाझीला, टोनी कॉनराड, जॉन केल अशी संगीतकार मंडळी एकत्र बसून तासन्‌तास लांब सूर धरत. ज्याला आज ड्रोन संगीत म्हणतात त्याची मोठी मुळं तिथे आहेत. त्याच्या टेप यंगकडे राहिल्या. यंगचं म्हणणं, ही माझी रचना. कॉनराड आणि केल यांचं म्हणणं, हे आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. तो वाद कित्येक वर्षं चालला आणि ते संगीत लोकांपर्यंत नीट पोहोचायचं राहून गेलं. बाजू कुणाची बरोबर, हे मिरजेत बसून मी ठरवणार नाही. पण सगळ्यांनी मिळून जे हवेत उभं केलं त्यावर नाव कुणाचं, या प्रश्नाला ती टेप काय उत्तर देणार? तिच्यात तर तो मधला आवाज आहे.

आणि बघ, तोच कॉनराड, गणित शिकलेला माणूस, 1972 मधे जर्मनीत फाउस्ट नावाच्या बँडकडे गेला. 1973 मधे त्यांचा एकत्र अल्बम आला, 'आउटसाइड द ड्रीम सिंडिकेट'. एका बाजूला एकच तुकडा, साधारण 27 मिनिटं. दुसऱ्या बाजूला दुसरा, तोही तेवढाच. ड्रमवाला तोच ठोका देत राहतो, बासवाला एकाच सुराला धरून, वर कॉनराडचं व्हायोलिन. हा अल्बम मला तंबोरा घ्यायला मिरजेत आलेल्या एका जर्मन विद्यार्थ्याने ऐकवला होता, आमच्याच ओसरीवर. पहिली पाच मिनिटं मला वाटलं, हे लोक कशाची वाट बघतायत? दहाव्या मिनिटाला व्हायोलिनच्या वर एक बारीक शिट्टीसारखा सूर फिरायला लागला. मी त्याला विचारलं, "हे कोण?" तो हसला आणि त्याने हात पसरले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मला तो चहावाला पोरगा आठवला.

तुझे मित्र म्हणतात तसं "हे सगळं आपल्याकडूनच गेलं" असं मात्र बोलत जाऊ नकोस. मला ते आवडत नाही. यंग वगैरे मंडळी लांब सूर आधीपासून धरत होती. पंडित प्राणनाथ अमेरिकेत गेले 1970 मधे, आणि मग यंग, झाझीला, टेरी रायली त्यांचे शागीर्द झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे गायक, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. आणि किराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब आपल्या मिरजेत राहिले, 1937 मधे गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरुसाला तिथे आपण गाणं ऐकायला बसतो. एवढा धागा खरा आहे आणि तो पुरेसा आहे. किराण्याचे लोक तंबोऱ्यावर जीव टाकायचे, एका स्वरावर थांबायला घाबरायचे नाहीत, आणि तिकडच्या लोकांनी ते ओळखलं. ओळखलं, यातच सगळं आलं. मालकीची भाषा इथेही नको.

ऐकण्याबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी, कारण तू त्यात ढिसाळ आहेस.

फोनच्या स्पीकरवर ड्रोन ऐकू नकोस. खालचे सूर त्यातून नीट येत नाहीत, आणि खालचा सूर भरला नाही तर वरच्या स्वयंभूला आधार राहत नाही. इयरफोन घालून 'गेन्शो' ऐकलास तेही मला पटलं नाही. डावा आवाज डाव्या कानात, उजवा उजव्या कानात, मग ते मिळणार कुठे? खोलीत दोन जागी ठेव आणि उठून फिर. न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर यंग आणि झाझीला यांची एक खोली 1993 पासून आहे, तिथे यंत्रातून काही सूर अखंड चालू असतात, न बदलता. माणूस आत जाऊन उभा राहिला की एक ऐकू येतं, मान जरा वळवली की दुसरं. सूर बदललेले नसतात, ऐकणारा हलतो. तुझ्या दहा बाय बाराच्या खोलीतही हे होतं. कपाटाजवळ जा, खिडकीजवळ जा, जमिनीवर आडवा हो. मी गुडघे दुखत असताना केलंय, तू तर पंचविशीच्या आतला आहेस.

आणि आवाज कमी ठेव. नॉइज म्हणजे कान फुटेस्तोवर, हा पोरकटपणा सोड. 85 डेसिबलला आठ तास कानाला चालतात, त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 ला जेमतेम 15 मिनिटं. हा अल्बम तासावर जातो, हिशोब तूच कर. कान गेले तर परत येत नाहीत, आणि वरचे बारीक सूर आधी जातात. ज्या आवाजासाठी हा सगळा खटाटोप, तोच आधी जाणार. माझा उजवा कान आता पूर्वीसारखा नाही, म्हणून तळमळून सांगते.

तू शेवटी विचारलंयस की हे आवडलं पाहिजे का, आणि याला संगीत म्हणायचं का. त्याला मी शाई घालवणार नाही. आवडलं नाही तर नाही आवडलं. पण अर्ध्या तासात, वही मधे धरून, एकदाच ऐकून 'नाही आवडलं' म्हणायचा हक्क तुला नाही, तुला तर मुळीच नाही. ज्याने जवारी उघडताना ऐकली, त्याच्याकडून मी जास्त मागणार.

मी कठोर बोलते असं तुला वाटेल. तू घरी गेल्यावर कधीकधी मला स्वतःलाही वाटतं. पण या गावात माझ्या ओळखीत, एवढं सगळं सोडून, एका सुरापाशी अर्धा तास बसणारा तुझ्या वयाचा तू एकटा आहेस. तुझा तो मित्रही असेल, मी त्याला अजून भेटले नाही. मला भीती वाटते ती तुझ्या कानाची नाही. मला भीती वाटते की तू माझ्यासारखाच पुढे-मागे, वर-खाली, कुणाचं किती, याच्या हिशोबात अडकशील. मी त्या हिशोबाशी भांडण्यात कितीतरी वर्षं घालवली, बोलले नाही पण आत भांडत राहिले, आणि त्या भांडणातही मान्य करत राहिले की पुढे बसलेला मोठा. तो मोठा नव्हता, मीही नव्हते. मधे जे होतं ते मोठं होतं आणि त्याच्याकडे बघायला मला वेळ कमी मिळाला. तुला मिळतोय. तो असा रकाने आखण्यात घालवू नकोस.

येत्या गुरुवारी दुपारी ये. लाईट जायची वेळ टळल्यावर, तीननंतर. दोन स्पीकर आण, हळदीची फाइल आण, 'गेन्शो'च्या दोन्ही डिस्क आण. तंबोरा मी आधीच पांढरी पाचच्या वर चढवून ठेवीन, दोरा मात्र तूच लावायचास. आणि मित्राला घेऊन ये. एकमेकांशी बोलत नसाल तरी चालेल, बसायला बोलावं लागत नाही. तो आला नाही तर तूही येऊ नकोस, कारण मग मधलं ऐकणार कशात?

वही घरी ठेव.

तुझी,
मावशी